झेंडा खांद्यावर, प्रश्न वाऱ्यावर

विश्लेषण : गायक-संगीतकार अवधूत गुप्ते यांनी दिग्दर्शित केलेल्या चित्रपटांनी कार्यकर्त्याला पडद्यावर आणले, त्याच्या फसवणुकीला आवाज दिला. पण त्यांनी नेत्याला जाब विचारला का? 'झेंडा' येऊन दीड दशक उलटल्यावर गोंदिया जिल्ह्यातील गोरेगावातून या चित्रपटांकडे पाहताना दिसणारे काही मुद्दे.

गोरेगाव म्हटले की राज्यातल्या बहुतेकांच्या डोळ्यांपुढे मुंबईचे गोरेगाव येते. तिथे दादासाहेब फाळके चित्रनगरी आहे. तिथे सिनेमे तयार होतात. आमचे गोरेगाव गोंदिया-कोहमारा रस्त्यावरचे. इथे धान पिकतो आणि सिनेमा पाहिला जातो, तोही बहुतेक वेळा मोबाईलवर. राज्याच्या पूर्व टोकावर मराठी चित्रपट थिएटरपेक्षा यूट्यूबवरच्या तुकड्यांतून आणि व्हॉट्सॲप स्टेटसच्या तीस सेकंदांतून जास्त पोहोचतो. म्हणूनच चित्रपट आठवत नाही, पण त्यातले गाणे पाठ असते, असे अनेकांचे होते.

'झेंडा' या चित्रपटाचे तसेच झाले. २०१० च्या जानेवारीत आलेल्या या चित्रपटातील विठ्ठलाला साद घालणारे गाणे आजही प्रत्येक पक्षफुटीनंतर मोबाईलवर परत येते. जून २०२२ मध्ये शिवसेना फुटली तेव्हा ते आले. जुलै २०२३ मध्ये राष्ट्रवादी फुटली तेव्हाही आले. गाण्याला हे भाग्य क्वचितच लाभते. पण ते लाभले म्हणून गाणे आणि चित्रपट यांची तपासणी करायची नाही, असे नाही. उलट जे गाणे एवढे वापरले जाते, ते नेमके काय सांगते आणि काय सांगायचे टाळते, हे विचारायलाच हवे.

संगीतकाराच्या चित्रपटांकडे वेगळे का पाहायचे?

अवधूत गुप्ते घराघरांत पोहोचले ते 'ऐका दाजीबा'मुळे आणि पुढे गाण्यांच्या रिॲलिटी शोमधील परीक्षक म्हणून. दिग्दर्शक म्हणून त्यांनी 'झेंडा' (२०१०), 'मोरया' (२०११), 'एक तारा' (२०१५) आणि 'कान्हा' (२०१६) हे चित्रपट केले. पहिल्यात पक्षफूट, दुसऱ्यात गणेशोत्सव मंडळ, तिसऱ्यात गायकाचे यश आणि घसरण, चौथ्यात गोविंदा पथक. विषयांची ही यादी पाहिली तर एक गोष्ट लगेच लक्षात येते. चारही चित्रपटांचा नायक म्हणजे गर्दीतला तरुण. तो घोषणा देतो, ढोल वाजवतो, थरावर चढतो, गातो. त्याच्याकडे आवाज आणि अंगमेहनत सोडून फारसे काही नाही.

मराठी राजकीय चित्रपटाची परंपरा यापेक्षा वेगळी होती. जब्बार पटेल यांचे 'सामना' आणि 'सिंहासन' हे चित्रपट सत्तेच्या बंगल्यात आणि मंत्रालयात फिरतात. 'सिंहासन'ला अरुण साधूंच्या पत्रकारितेचा आणि कादंबऱ्यांचा आधार होता, 'सामना' विजय तेंडुलकरांनी लिहिला होता. लेखकाचे हे चित्रपट संवादातून सत्ता उलगडतात. गुप्ते यांचे चित्रपट संगीतकाराचे आहेत. ते सत्ता ऐकवतात ती रस्त्यावरून: मिरवणूक, आरती, घोषणा, बेंजो, ढोल. महाराष्ट्रात राजकारण कानातूनच आधी शिरते, हे त्यांनी ओळखले. शाहिरी, आंबेडकरी जलसा, मेळे, निवडणुकीच्या रिक्षावरची गाणी, सगळा इतिहास तेच सांगतो. त्यामुळे संगीतकाराने राजकीय चित्रपट करणे ही आपल्याकडे अगदी स्वाभाविक गोष्ट आहे.

'झेंडा'ने काय साधले?

पार्श्वभूमी थोडक्यात. राज ठाकरे यांनी २००५ च्या अखेरीस शिवसेना सोडली आणि ९ मार्च २००६ रोजी महाराष्ट्र नवनिर्माण सेनेची स्थापना केली. २००९ च्या विधानसभा निवडणुकीत मनसेचे १३ आमदार निवडून आले. त्यानंतर काही महिन्यांतच 'झेंडा' पडद्यावर आला. नावे बदललेली होती, पण काका, मुलगा आणि पुतण्या कोण, हे प्रेक्षकाला सांगावे लागत नव्हते. या फुटीमुळे दोन पक्षांत वाटले गेलेले मित्र, हा चित्रपटाचा गाभा.

प्रदर्शनाच्या तोंडावर वाद झाला. चित्रपटातील एक व्यक्तिरेखा नारायण राणे यांच्याशी मिळतीजुळती असल्याचा आक्षेप नितेश राणे यांच्या स्वाभिमान संघटनेने घेतला. कार्यकर्त्यांच्या फसवणुकीवरचा चित्रपट अडवायला कार्यकर्तेच पुढे आले. चित्रपटाला जे म्हणायचे होते, त्याचा पुरावा चित्रपटगृहाबाहेरच मिळाला.

'झेंडा'चे श्रेय मोठे आहे आणि ते आधी मान्य केले पाहिजे. पोस्टर चिकटवणारा, सतरंज्या उचलणारा, केसेस अंगावर घेणारा मुलगा तोवर मराठी चित्रपटात एकतर गुंड असायचा नाहीतर विनोदी. 'झेंडा'ने त्याला माणूस केले. त्याला घर दिले, काळजी करणारी आई दिली, वाया गेलेली वर्षे दिली. गोरेगावसारख्या गावात ज्याचा एखादा भाऊ किंवा मामा पक्षाच्या मागे फिरण्यात चाळिशीला पोहोचला आहे, त्याला हा चित्रपट मुंबईचा वाटत नाही. तो आपल्याच घरातला वाटतो.

प्रश्न विठ्ठलाला का?

पण इथेच पहिली अडचण सुरू होते. अरविंद जगताप यांनी लिहिलेल्या आणि ज्ञानेश्वर मेश्राम यांनी गायलेल्या त्या गाण्यात कार्यकर्ता आपला पेच विठ्ठलापुढे मांडतो. मेश्रामांचा वारकरी ढंगाचा आवाज काळजात जातो. गाणे म्हणून ते अस्सल आहे. राजकीय विधान म्हणून मात्र ते अवघड जागी प्रश्न विचारत नाही.

जरा आठवा. शिवसेना सोडताना राज ठाकरे यांनी आपले भांडण विठ्ठलाशी नसून त्याच्याभोवतीच्या बडव्यांशी असल्याचे म्हटले होते. म्हणजे नेत्याला विठ्ठल मानण्याची भाषा आधी पक्षातूनच आली. चित्रपटाने ती भाषा उलटवायला हवी होती. नेता विठ्ठल नाही, तो तुमच्यासारखाच हिशेब करणारा माणूस आहे, असे सांगायला हवे होते. त्याऐवजी गाणे तीच भाषा अधिक हळवी करून परत कार्यकर्त्याच्या हाती देते. देवापुढे रडता येते, पण देवाकडून हिशेब मागता येत नाही. 'तू कुणाच्या सांगण्यावरून उमेदवारी विकलीस?' हा प्रश्न विठ्ठलाला विचारायचा नसतो, जिल्हाध्यक्षाला विचारायचा असतो.

आणखी एक. त्या गाण्यातला पेच 'कुठला झेंडा' असा आहे. 'झेंडा घ्यायचाच का' हा प्रश्न नाही. 'झेंडा घेण्याच्या बदल्यात काय मिळणार' हाही नाही. दोन झेंड्यांतून एक निवडण्याची घालमेल फुटीच्या काळात नेत्यांनाही सोयीचीच असते. म्हणूनच हे गाणे दोन्ही गटांच्या समर्थकांच्या स्टेटसवर एकाच दिवशी दिसू शकते. ज्या गाण्याने दोघांनाही बोचायला हवे, ते दोघांनाही आवडते. हे गाण्याचे यश असले तरी टीकेचे अपयश आहे.

झेंडा कुणाचा, हे ठरवते कोण?

हा मुद्दा भावनेचा नाही, नियमांचा आहे. पक्ष फुटला की नाव आणि चिन्ह कुणाचे, हे निवडणूक आयोग १९६८ च्या चिन्हविषयक आदेशातील परिच्छेद १५ नुसार ठरवतो. १७ फेब्रुवारी २०२३ रोजी आयोगाने शिवसेना हे नाव आणि धनुष्यबाण एकनाथ शिंदे यांच्या गटाला दिला. ६ फेब्रुवारी २०२४ रोजी राष्ट्रवादी काँग्रेस हे नाव आणि घड्याळ अजित पवार यांच्या गटाला मिळाले. दोन्ही निर्णयांत निर्णायक ठरले ते आमदार-खासदारांचे संख्याबळ.

याचा अर्थ सोप्या भाषेत असा की, झेंडा वाहणाऱ्यांची मोजणी झाली नाही. झेंडा वापरून निवडून आलेल्यांची झाली. गावात पंचवीस वर्षे शाखेचा फलक जपणारा माणूस या हिशेबात कुठेच नाही. पक्षांतराला आळा घालण्यासाठी १९८५ मध्ये दहावे परिशिष्ट आले, २००३ च्या घटनादुरुस्तीने एक तृतीयांश आमदारांच्या 'फुटी'ची पळवाट बंद झाली. पण या साऱ्या व्यवस्थेत कार्यकर्ता हा घटकच नाही.

'झेंडा'च्या काळात ही प्रकरणे घडायची होती, त्यामुळे चित्रपटाने ती सांगायला हवी होती असे म्हणणे अन्यायाचे होईल. पण त्यामागची व्यवस्था तेव्हाही तीच होती. कार्यकर्त्याची फसवणूक एखाद्या नेत्याच्या स्वभावामुळे होत नाही, ती पक्षाच्या रचनेतच आहे. पक्षांतर्गत निवडणूक नाही, उमेदवारी कशी ठरते याचा पत्ता नाही, पैशांचा हिशेब नाही. हे दाखवले असते तर प्रेक्षक डोळे पुसून बाहेर पडला नसता. तो प्रश्न घेऊन बाहेर पडला असता.

गोंदियात झेंडे कसे फिरले?

मुंबईतल्या फुटीची गोष्ट आम्हाला परकी वाटत नाही, कारण आमच्याकडे झेंडे बदलणे हा जवळपास हंगामी प्रकार आहे. भंडारा-गोंदिया मतदारसंघात २०१४ मध्ये नाना पटोले यांनी भाजपचे उमेदवार म्हणून प्रफुल्ल पटेल यांचा पराभव केला. मूळचे काँग्रेसचे असलेले पटोले डिसेंबर २०१७ मध्ये खासदारकीचा राजीनामा देऊन बाहेर पडले आणि काँग्रेसमध्ये परतले. २०१८ च्या पोटनिवडणुकीत राष्ट्रवादीचे मधुकर कुकडे जिंकले. ते पूर्वी भाजपचे आमदार होते.

गोंदिया विधानसभेची कथा त्याहून रंजक. काँग्रेसचे अनेक वर्षांचे आमदार गोपालदास अग्रवाल २०१९ च्या निवडणुकीआधी भाजपमध्ये गेले. त्यामुळे नाराज झालेले भाजपचे विनोद अग्रवाल अपक्ष लढले आणि जिंकले. २०२४ मध्ये गोपालदास काँग्रेसमध्ये परतले, विनोद अग्रवाल भाजपचे उमेदवार झाले आणि पुन्हा जिंकले. शेजारच्या अर्जुनी मोरगावमध्ये भाजपचे माजी मंत्री राजकुमार बडोले २०२४ मध्ये अजित पवारांच्या राष्ट्रवादीकडून लढले आणि निवडून आले. जुलै २०२३ मध्ये राष्ट्रवादी फुटली तेव्हा जिल्ह्याचे नेते प्रफुल्ल पटेल अजित पवारांसोबत होते. घड्याळ त्यांच्याकडे राहिले. शरद पवारांच्या पक्षाला तुतारी वाजवणारा माणूस मिळाला.

ही कुणावर वैयक्तिक टीका नाही, नोंद आहे. या प्रत्येक उडीत नेत्याचे काही ना काही राहिले. तिकीट राहिले, निदान चर्चा तरी राहिली. पण त्याच नेत्यासाठी मागच्या निवडणुकीत शेजाऱ्याशी भांडलेल्या माणसाचे काय? त्याला पुढच्या निवडणुकीत त्याच शेजाऱ्यासोबत एकाच गाडीत बसून प्रचाराला जावे लागते. गोरेगाव लहान आहे. इथे भांडलेला माणूस बाजारात भेटतो, लग्नात भेटतो, धान खरेदी केंद्राच्या रांगेत पुढेमागे उभा असतो. नेत्याला झेंडा बदलता येतो, गावकऱ्याला शेजारी बदलता येत नाही.

खुद्द झेंड्यांचेही तसेच. मनसेने २३ जानेवारी २०२० रोजी आपला बहुरंगी झेंडा बदलून राजमुद्रा असलेला भगवा झेंडा घेतला. ५ जुलै २०२५ रोजी वरळीत राज आणि उद्धव ठाकरे जवळपास वीस वर्षांनी राजकीय व्यासपीठावर एकत्र आले. दोन भावांनी एकत्र येण्यात गैर काहीच नाही. प्रश्न एवढाच की मधल्या वर्षांत ज्यांनी एकमेकांची डोकी फोडली, त्यांच्या केसेस कोण मागे घेणार? 'झेंडा'चा पुढचा भाग काढायचा तर तो इथून सुरू व्हायला हवा.

'मोरया' ते 'कान्हा' : सूर कुठे बदलला?

'मोरया'मध्ये दोन शेजारच्या चाळींच्या गणेशमंडळांतली ईर्षा आणि नेतृत्वासाठी धडपडणारे दोन तरुण आहेत. मंडळ ही राजकारणाची पहिली शाळा, हे चित्रपटाने अचूक पकडले. वर्गणी, डीजे, मिरवणुकीचा मान, मंडपातले नेत्याचे छायाचित्र, हे सगळे मुंबईपुरते नाही. आमच्याकडे गणपतीइतकेच शारदा आणि दुर्गा उत्सवाच्या मंडपांतही तेच चालते. सार्वजनिक उत्सवाने माणसे जोडावीत ही अपेक्षा आणि प्रत्यक्षात त्याने गल्ल्या वाटल्या जाणे, हा विरोध 'मोरया'त दिसतो. इथवर गुप्ते टीकाकार आहेत.

'कान्हा'पर्यंत येताना सूर बदलतो. हा चित्रपट दहीहंडीवरचा, दोन गोविंदा पथकांच्या स्पर्धेचा. तो आला २६ ऑगस्ट २०१६ रोजी. त्याआधीची घडामोड लक्षात घ्यावी लागते. मुंबई उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१४ मध्ये थरांची उंची २० फुटांवर आणली आणि १८ वर्षांखालील मुलांना मनाई केली. चित्रपट येण्याच्या जेमतेम आठवडाभर आधी, १७ ऑगस्ट २०१६ रोजी, सर्वोच्च न्यायालयाने हे निर्बंध शिथिल करण्यास नकार दिला होता. पुढे २०१७ मध्ये उंचीची मर्यादा उठली आणि वयाची अट १४ वर्षांवर आली, हा नंतरचा भाग.

या चित्रपटाचे निर्माते होते ठाण्याचे आमदार प्रताप सरनाईक. ठाण्यातील मोठ्या दहीहंडीचे ते आयोजकही आहेत. आमदाराने चित्रपट काढू नये असा नियम नाही. गोविंदांच्या जिद्दीचे कौतुक करण्यातही काही चूक नाही. थरावर चढणाऱ्या पोरांचे धाडस खरेच आहे. पण ज्या वादात आयोजक हा स्वतः एक पक्ष आहे, त्या वादावरचा चित्रपट आयोजकाच्या पैशातून निघतो, तेव्हा प्रेक्षकाने एक प्रश्न खिशात ठेवूनच तो पाहायला हवा. पडलेल्या गोविंदाच्या मणक्याची जबाबदारी कुणाची? बक्षिसाची रक्कम जाहीर करणाऱ्याची, पथकाची, की त्या पोराच्या आईची? 'झेंडा'त कार्यकर्ता वापरला जातो हे ठणकावून सांगणारा दिग्दर्शक 'कान्हा'त या प्रश्नापाशी तितका थांबत नाही. थर उंच जातो, ढोल चढतो, डोळे पाणावतात. खाली कोण उभे आहे, हे विचारायचे राहून जाते.

'एक तारा'ने चुकलेली संधी

या चौघांत 'एक तारा' संगीतकाराला सर्वांत जवळचा विषय. साध्या घरातला गायक प्रसिद्धीच्या झोतात येतो आणि घसरतो. प्रसिद्धीचा कारखाना गुप्ते यांनी आतून पाहिलेला आहे. स्टुडिओ, वाहिन्या, मतांसाठी केलेले एसएमएस, करार, सारे त्यांना ठाऊक. त्यामुळे अपेक्षा होती की हा कारखाना पोरांना कसा उचलतो आणि कसा टाकतो, हे ते दाखवतील. चित्रपट मात्र घसरणीचे कारण मुख्यतः नायकाच्या डोक्यात गेलेल्या यशात शोधतो. व्यवस्था सुटते, स्वभाव पकडला जातो. 'झेंडा'त जे झाले तेच पुन्हा.

याच सुमारास चैतन्य ताम्हाणे यांचा 'कोर्ट' आला. त्यात गाणारा माणूस नारायण कांबळे आहे. गाण्यामुळे एका सफाई कामगाराने आत्महत्या केल्याचा आरोप त्याच्यावर आहे. ही भूमिका नागपूरचे कार्यकर्ते वीरा साथीदार यांनी केली होती, गाणी संभाजी भगत यांची होती. 'कोर्ट'मध्ये गाणे भावनेला वाट करून देत नाही, ते थेट खटल्यात उभे राहते. गाण्याची किंमत गायकाला तारखांवर तारखा भोगून मोजावी लागते. २०१४ साठीचा सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार 'कोर्ट'ला मिळाला, पण आमच्याकडे तो पाहिलेले लोक हाताच्या बोटांवर मोजावे लागतील. 'झेंडा'चे गाणे पोरापोराला ठाऊक आहे. म्हणूनच अपेक्षा 'झेंडा'च्या दिग्दर्शकाकडून जास्त आहेत. ज्याचा आवाज पोहोचतो, त्याने काय सांगितले याला वजन असते.

पडद्यावर काय दिसत नाही?

तीन गोष्टी.

पहिली, पोट. हा तरुण दिवसभर पक्षात किंवा मंडळात का असतो? कारण दुसरीकडे जायला काम नाही. गोरेगाव तालुक्यातला मुलगा धानाचा हंगाम संपला की नागपूर, रायपूर, हैदराबादची गाडी पकडतो. जो जात नाही, तो नेत्याच्या मागे फिरतो. डिसेंबर २०२३ मध्ये राज्य सरकारने धान उत्पादकांना हेक्टरी २० हजार रुपये, दोन हेक्टरच्या मर्यादेत, देण्याची घोषणा केली. आमच्याकडच्या घरात झेंड्यापेक्षा या पैशाची चर्चा जास्त होते. चित्रपटातला कार्यकर्ता मात्र अस्मितेने पेटतो आणि प्रेमाने दुखावतो. त्याचे उत्पन्न, कर्ज, शिक्षण यांचा हिशेब धूसर राहतो.

दुसरी, जात. महाराष्ट्रात उमेदवारी, मंडळाचे अध्यक्षपद, शाखेतली खुर्ची यांचा जातीशी संबंध नाही, असे म्हणण्याचे धाडस कुणी करणार नाही. भंडारा-गोंदियात तर निवडणुकीचे गणितच कुणबी, पोवार, तेली, बौद्ध, आदिवासी अशा शब्दांत मांडले जाते. गुप्ते यांच्या चित्रपटांतले 'मराठी मन' मात्र एकसंध आहे, जणू चाळीत शिरताना प्रत्येकाने जात उंबऱ्याबाहेर ठेवली आहे.

तिसरी, बाई. हे चित्रपट पुरुषांच्या मैत्रीचे आणि पुरुषांच्या ईर्षेचे आहेत. आई वाट पाहते, प्रेयसी समजावते. पण महाराष्ट्रात स्थानिक स्वराज्य संस्थांत महिलांना निम्मे आरक्षण २०११ पासून आहे. आज गावोगावी सरपंच, नगरसेविका, पंचायत समिती सदस्य महिला आहेत. झेंडा त्यांच्याही हाती आहे आणि फसवणूक त्यांचीही होते, बऱ्याचदा घरातल्याच माणसाकडून. ही गोष्ट अजून कुणा संगीतकाराला गाण्यासारखी वाटलेली नाही.

झाडीपट्टी काय शिकवते?

गाणे आले की टीका बोथट होते, असा याचा अर्थ काढू नये. आमच्या झाडीपट्टीत रात्रभराचे नाटक गाण्याशिवाय उभेच राहत नाही. दिवाळीनंतर मंडई भरते, वडसा-देसाईगंजच्या कंपन्या गावोगाव फिरतात, हार्मोनियम आणि तबला रंगमंचाच्या पुढ्यात बसतो. दंडार आणि खडी गंमत ही या मातीची जुनी रूपे. त्यांत सोंगाड्या गाण्यातूनच गावच्या पाटलाची उडवतो, आणि पाटील पुढच्या रांगेत बसून ऐकतो. २०२३ मध्ये परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली तेव्हा या परंपरेची देशाने दखल घेतली.

झाडीपट्टीलाही आजार आहेत. तिकीटबारीसाठी कथेत न बसणारी नृत्ये घुसतात, अश्रूंचा पूर येतो. तरीही एक गोष्ट शिकण्यासारखी आहे. इथे गाणे प्रश्नाच्या जागी येत नाही, प्रश्नाला सोबत घेऊन येते. गाणे संपले की पात्र पुन्हा बोलते, आणि गाण्यात जे सांगितले त्याचा जाब समोरच्याला द्यावा लागतो. गुप्ते यांच्या चित्रपटांत मात्र गाणे संपले की प्रसंगही संपतो. संगीतकाराला समेवर यायची सवय असते. राजकारणावरच्या गोष्टीने मात्र कधीकधी समेवर येऊ नये.

'सिनेमानेच सगळे का सांगायचे?'

यावर एक आक्षेप हमखास येतो, आणि तो रास्त आहे. गुप्ते हे करमणुकीच्या धंद्यातले आहेत. लोकप्रिय चित्रपटाकडून निवडणूक आयोगाच्या नियमांची अपेक्षा करणे चूक आहे. शिवाय २०१० मध्ये जिवंत नेत्यांवर, त्यांच्याच शहरात राहून चित्रपट काढण्याची हिंमत किती जणांनी दाखवली? वादाला तोंड देऊन त्यांनी ती दाखवली. नंतरच्या वर्षांत तेवढीही हिंमत मराठी चित्रपटात क्वचितच दिसली. राजकीय चित्रपट आले ते बहुतेक नेत्यांचे गुणगान करणारे चरित्रपट.

हे सारे मान्य. तरीही मोजमाप त्यांच्याच पट्टीने लावले तर प्रश्न उरतो. हा दिग्दर्शक कार्यकर्त्याच्या बाजूने उभा राहिल्याचे सांगतो. मग कार्यकर्त्याला शेवटी काय मिळते, हे विचारणे गैर नाही. 'खुपते तिथे गुप्ते' हा त्यांचा मुलाखतींचा कार्यक्रम २०२३ मध्ये परत आला, तेव्हा त्यात राज ठाकरे, एकनाथ शिंदे, नारायण राणे असे नेते आले. गप्पा रंगल्या. नेत्यांच्या मनातले सल महाराष्ट्राने ऐकले. पण ज्या सतरंजी उचलणाऱ्याची गोष्ट 'झेंडा'ने सांगितली, त्याला त्या खुर्चीवर बसवून 'तुला काय खुपते?' असे विचारले असते, तर तो भाग आमच्या गावात वळसा घेऊन घेऊन पाहिला गेला असता.

मग प्रेक्षकाने काय करायचे?

पुढच्या निवडणुकीत, ती नगरपंचायतीची असो की विधानसभेची, कुणीतरी कुठेतरी फुटेल. मोबाईलवर ते गाणे पुन्हा येईल. जरूर ऐका, चांगले गाणे आहे. स्टेटसला ठेवायचे तर ठेवा. पण त्याआधी आपल्या गावातल्या त्या पक्षाच्या माणसाला तीन साधे प्रश्न विचारा: उमेदवार कुणी ठरवला? प्रचाराचा पैसा कुठून आला? निवडणुकीत अंगावर आलेल्या केसेसचा वकील कोण देणार?

उत्तर मिळाले तर झेंडा खांद्यावर घ्यायला हरकत नाही. नाही मिळाले, तर तो दांडीसकट परत करा. विठ्ठलाला मध्ये घेऊ नका. त्याच्याकडे वारीला जाताना आपण कुठल्या पक्षाचे आहोत, हे त्याने अजून तरी कधी विचारलेले नाही.